पाच तास दहा मिनिटं

मास्तर आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्यांचं बोलणं ऐकून समोरच्याला वाटे, हा माणूस ढगातच जन्माला आला असावा. कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, मास्तर डोळे मिटून सांगत: इतके किलोमीटर, इतके तास, वाटेत अमुक समुद्र, उतरल्यावर घड्याळ इतकं पुढे करा. चौतीस वर्षं ते एकाच दुकानात, एकाच काउंटरमागे बसून विमानाची तिकिटं काढत होते. त्या काळात खुर्ची दोनदा मोडली, मास्तर हलले नाहीत.

मास्तर हे नाव दुकानाच्या मालकांनी दिलेलं. भूगोल घेऊन पदवीधर झालेला हा माणूस शाळेत जागा मिळेना म्हणून तिकिटांच्या दुकानात चिकटला आणि तिकीट देता देता गिऱ्हाइकांनाच भूगोल शिकवू लागला. टेबलावर पृथ्वीचा एक गोल होता आणि त्याला गुंडाळलेला पांढरा दोरा. कुणी अंतर विचारलं की दोऱ्याचं एक टोक गिऱ्हाइकाच्या बोटाखाली आणि दुसरं मास्तरांच्या. "ताणून धरा हं. ढिला सोडलात तर अंतर वाढतं." लोक बिचारे ताणून धरत. मागे रांग खोळंबलेली, मालक केबिनमधून डोळे वटारताहेत, आणि मास्तरांचा वर्ग सुरू.

त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल होती. तिच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानांनी तिकिटाच्या धंद्यातल्या माणसांची जितकी झोप उडवली असेल तितकी कुणीच उडवली नसेल. तिकिटावर लिहिलेलं असतं, चौदा तारीख, बारा वाजून वीस मिनिटं. माणूस काय करतो? चौदा तारखेला दिवसभर बॅग भरतो, रात्री जेवतो, सगळ्यांचा निरोप घेतो आणि थाटात विमानतळावर पोचतो. विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. म्हणून अशा प्रत्येक तिकिटावर मास्तर लाल पेन्सिलीने लिहीत, "चौदाचं विमान म्हणजे तेराच्या रात्री घरातून निघायचं." नुसतं लिहून भागत नसे. गिऱ्हाइकाकडून ते मोठ्याने म्हणवून घेत. "म्हणा." मोठमोठे डॉक्टर, वकील काउंटरसमोर उभे राहून शाळेतल्या पोरासारखं म्हणत, "तेराच्या रात्री घरातून निघायचं." चौतीस वर्षांत मास्तरांच्या हातचं एकही गिऱ्हाईक एक दिवस उशिरा पोचलं नाही. दुसऱ्या दुकानांचे किस्से मात्र ते रात्री जेवताना घरी रंगवून सांगत. फुटबॉलचा एक अख्खा संघ, सोबत प्रशिक्षक, चेंडूंची जाळी, आणि विमान काल गेलेलं! त्यांचा मुलगा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. हसता हसता त्याच्या नाकातून पाणी यायचं. "बाबा, परत सांगा ना. ते प्रशिक्षक काय म्हणाले?" आणि बाबा परत सांगायचे.

हा मुलगा एकुलता एक. हुशार निघाला, शिकला आणि पूर्वेकडच्या एका मोठ्या शहरात त्याला नोकरी लागली. आईने जेवण सोडलं. मास्तरांची बायको तशी फटकळ, नवऱ्याच्या भूगोलाला तिने कधी भीक घातली नव्हती. "तुमची किलोमीटरं दुकानात ठेवून येत जा," असं ती चारचौघांत म्हणायची. पण त्या आठवड्यात ती काहीच बोलेना, तेव्हा मास्तर घाबरले. त्यांनी दुकानातला गोल घरी आणला. दोऱ्याचं एक टोक तिच्या बोटाखाली दाबलं, दुसरं स्वतः धरलं.

"हे बघ. तीन हजार नऊशे सोळा किलोमीटर. आकडा मोठा वाटतो, पण विमानाला लागतात पाच तास दहा मिनिटं. इथून सकाळचा चहा घेऊन निघालीस तर उशिराचं जेवण त्याच्याकडे. अगं, तुझ्या बहिणीकडे जायला बसने यापेक्षा जास्त वेळ लागतो."

"आणि यायला?"

"यायला पाच चाळीस. जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. अर्ध्या तासाचा फरक, बस."

तिने बोट उचललं. दोरा ढिला पडला. "म्हणजे जाणं सोपं," ती म्हणाली, आणि जेवायला बसली.

खरं तर मास्तर हे वाक्य रोजच विकत होते. ज्यांची मुलं बाहेर गेली अशा सगळ्या आया त्यांच्या काउंटरशी येऊन डोळे पुसत, आणि मास्तर त्यांना हाच डोस पाजत: सकाळचा चहा इथे, जेवण तिथे. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त एक गोष्ट ते सांगत नसत, कारण ती त्यांनाही ठाऊक नव्हती. पाच तास दहा मिनिटं विमानाला लागतात. माणसाला यायला किती लागतात, हे कुठल्याच वेळापत्रकात छापलेलं नसतं. मुलगा अकरा वर्षांत दोनदा आला. एकदा लग्न करून, एकदा बायकोच्या माहेरच्या कामासाठी. फोनवर मात्र दर रविवारी म्हणायचा, "आई, मी काय लांब आहे का? पाच तास दहा मिनिटं." बापाचंच वाक्य. बापाच्याच चालीत.

मग मास्तरांच्या बायकोचं हृदय थकलं. पाय सुजले, दोन जिने चढवेनात, शेवटी इस्पितळातच ठेवावं लागलं. एका सोमवारी डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बोलावून सांगितलं, "ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. आठवडा म्हणा फार तर."

मास्तरांनी तिथूनच मुलाला फोन लावला. मुलगा रडला. खरंच रडला, त्यात मास्तरांना तेव्हाही शंका नव्हती आणि नंतरही आली नाही. "बाबा, शुक्रवारचं तिकीट काढा. त्याआधी इथून सुटणं अवघड आहे." मंगळवारी मास्तरांनी दुकानात जाऊन स्वतःच्या हाताने तिकीट काढलं. तिकडून शुक्रवारी बारा वीसला सुटणारं विमान, इथे पहाटे साडेतीनला पोचणारं. तिकीट संगणकावरूनच गेलं, कागद हातात आला नाही, त्यामुळे लाल पेन्सिल बाजूलाच राहिली. फोन करून "म्हण" म्हणावं असं क्षणभर मास्तरांच्या मनात आलं होतं. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. तिकीटवाल्याच्या पोराला काय शिकवायचं?

शुक्रवारी बायको पाचलाच जागी झाली. नर्सकडून केस विंचरून घेतले, उशी उंच करून घेतली. बोलताना दम लागत होता, तरी दर दहा मिनिटांनी विचारत होती.

"आता कुठे असेल?"

"साडेतीनला उतरला. पासपोर्टच्या रांगेतच तास जातो. आता बॅग येईल पट्ट्यावर. त्याला अर्धा तास धर."

"आता?"

"आता टॅक्सीत. नदीवरच्या पुलावर आला असेल. तिथून घर वीस मिनिटं. घरी तुझी बहीण आहेच. तोंड धुवून सरळ इथे."

फोन लागत नव्हता. पण विमानातून उतरलेल्या माणसाचा फोन कधी लगेच लागतो का? मास्तरांचं गणित पक्कं होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच बायको त्यांचा भूगोल मन लावून ऐकत होती. त्या दोन तासांत मास्तर इतके सुखात होते, की नंतर ते आठवलं तरी त्यांना स्वतःची लाज वाटायची.

साडेसातला फोन आला. मास्तर वॉर्डच्या बाहेर गेले.

"बाबा, घोळ झाला." मुलाचा आवाज बसलेला. "मी... मी आज रात्रीचं समजून चाललो होतो. शुक्रवार लिहिलंय म्हणून. आत्ता बघतो तर विमान कालच गेलं. तुमच्या त्या फुटबॉलवाल्यांसारखं झालं माझं."

मास्तर भिंतीला टेकले. राग आला तो मुलाचा नाही, स्वतःचा. लाल पेन्सिल! आयुष्यभर जगाकडून म्हणवून घेतलं आणि घरच्याच तिकिटाला एक ओळ लिहायला विसरलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"तुझी चूक नाही," ते म्हणाले. "माझी आहे. मी सांगायला हवं होतं. आता?"

"विमान कंपनीशी बोललो. सोमवारपर्यंत सगळं भरलंय. सोमवारचं मिळालं."

"मी बघतो," मास्तर म्हणाले. बायकोला त्यांनी, विमानाला उशीर आहे, एवढंच सांगितलं आणि बहिणीला घरून बोलावून तिच्यापाशी बसवून ते दुकानाकडे सुटले. चौतीस वर्षांचा अनुभव मग असतो कशासाठी? भरलेल्या विमानातही एखादी जागा काढायची हातोटी त्यांच्याकडे होती.

दुकान नुकतंच उघडत होतं. झाडलेली फरशी अजून ओली होती. मास्तरांनी चपलांसकट संगणक गाठला. शनिवारचं विमान उघडलं, आणि चष्मा पुसला. अकरा जागा रिकाम्या होत्या. रविवारी सोळा. त्यांना आनंदच झाला. विमान कंपनीतल्या कुणा नवशिक्याने पोराला चुकीचं सांगितलं असणार. मुलाचं आरक्षण शनिवारवर आणायचं म्हणून त्यांनी ते उघडलं. प्रत्येक आरक्षणाखाली त्याचा इतिहास नोंदलेला असतो, कुणी कधी काय बदललं त्याचा. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही, तिकीटवाल्याला दिसतो.

शेवटची नोंद होती: प्रवाशाच्या विनंतीवरून तारीख बदलली. शुक्रवार रद्द, सोमवार नक्की. आणि पुढे त्या नोंदीची वेळ: गुरुवार, दुपारी चार दहा.

मास्तरांनी ती ओळ तीनदा वाचली. गुरुवारी दुपारी चार दहाला ज्याने तारीख बदलली, त्याला विमान कधी सुटतं हे पक्कं ठाऊक होतं. त्याचं विमान चुकलं नव्हतं. सुटायच्या आठ तास आधी त्याने ते शांतपणे सोडून दिलं होतं. मग बापाला सांगायला त्याला एक चूक हवी होती, आणि ती त्याने बापाच्याच किश्श्यांतून उचलली होती. फुटबॉलच्या संघासकट!

मास्तरांनी फोन लावला. आवाज रोजचा ठेवला.

"शनिवारच्या विमानात जागा आहेत का, पुन्हा विचारून बघतोस?"

"विचारलं बाबा. एकही नाही. फुल आहे."

मास्तरांसमोर पडद्यावर रिकाम्या जागांचे अकरा हिरवे चौकोन उघडे होते. त्यातले दोन तर खिडकीचे.

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांना ओरडता आलं असतं. 'खोटारड्या, माझ्या डोळ्यांसमोर जागा दिसताहेत' म्हणून मुस्काटात मारावी तसं बोलता आलं असतं, आणि मुलगा मुकाट शनिवारी आला असता. पण पकडून आणलेला मुलगा घेऊन ती बाई काय करणार होती? तिला तो मनाने आलेला हवा होता. आणि माणसाचं मन वाचण्यात तिच्याइतकं पटाईत कुणी नव्हतं. मुलाच्या तोंडाकडे बघून तिला एका क्षणात कळलं असतं. मरणाऱ्या माणसाला ते कळू देण्यापेक्षा दुसरं काहीही बरं, असं मास्तरांनी ठरवलं. बरोबर ठरवलं की चूक, ते देव जाणे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अकराला ते इस्पितळात परतले. बायकोची बहीण दारातच उभी होती. आत बायको उशीला टेकून दाराकडे डोळे लावून बसली होती.

"आला?"

"नाही." मास्तर स्टुलावर बसले. "माझ्याकडून चूक झाली. मी तारीख चुकीची सांगितली त्याला. तो बिचारा आज निघायला बसला होता. विमान काल गेलं."

ओरडायला तिच्या छातीत दम नव्हता, म्हणून हळूच बोलली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"चौतीस वर्षं सगळ्या जगाला वेळेवर पाठवलंत. माझं एक पोर आणता आलं नाही तुम्हाला?"

"सोमवारी येतोय."

"सोमवार कुणी बघितलाय?" असं म्हणून तिने तोंड भिंतीकडे केलं.

शनिवारी तिने त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. बहिणीने चमचा धरला की तोंड उघडायची, मास्तरांनी धरला की मिटायची. बहीण बोलायला कमी नव्हतीच. "भावोजी, एरवी तुमची अक्कल किलोमीटरने मोजायची, आणि ऐन वेळी हे? पोरगं तिकडे किती तडफडत असेल!" मास्तर मान खाली घालून ऐकत होते. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शेजारीच बायको झोपेत मुलाचं नाव घेत होती, आणि ते नाव घेताना तिचा चेहरा मऊ झाला होता. बेचाळीस वर्षांच्या संसारात मास्तरांच्या वाट्याला तसा चेहरा फार वेळा आला नव्हता. त्यांनी ते तसंच गिळलं.

रविवारी सकाळी ती आपणहून त्यांच्याशी बोलली.

"सोमवारचं नीट बघितलंत ना?"

"बघितलं."

"परत बघा."

ती त्यांच्याशी बोललेली शेवटची गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला ती गेली.

मुलगा सोमवारी पहाटे वेळेवर उतरला. अंत्यविधीसाठी सगळे त्याची वाट बघत थांबले होतेच. त्याला आई बघायला मिळाली. आईला त्याला बघायचं होतं, ते राहिलं. तो तिच्या पायांशी बसून हुंदके देऊन रडला, आणि ते रडणंही खरं होतं. त्याची मावशी त्याला पोटाशी धरून म्हणाली, "तुझा काही दोष नाही रे बाळा. तुझ्या बापाने घोळ घातला, आणि शेवटपर्यंत तुझीच वाट बघत गेली ती."

मुलाने मान वर केली. खोलीत नातेवाईक, शेजारी, दुकानाचे मालक, सगळे होते. मास्तर खिडकीशी उभे होते. मुलाने त्यांच्याकडे पाहिलं. बोलायचं असेल तर हीच वेळ होती, आणि मास्तरांनी खरंच वाट पाहिली. फार नाही, एका श्वासाइतकी.

"जाऊ दे मावशी," मुलगा म्हणाला. "बाबांचंही वय झालंय आता."

सगळ्यांनी माना हलवल्या. किती समजूतदार मुलगा!

ही बातमी दुकानात पोचायला किती वेळ लागणार? मालक तिथेच होते. त्यांनी गुरुवारी मास्तरांना केबिनमध्ये बोलावून, चहा मागवून, अगदी सांभाळून सांगितलं की आता काउंटरची दगदग पुरे, मागच्या खोलीत जुन्या फायली आहेत, त्या निवांत लावत बसा. "तारखांचं काम नाजूक असतं मास्तर. तुम्हाला काय सांगायचं?" मास्तर म्हणाले, "बरोबर आहे." गोल आणि दोरा त्यांनी काउंटरवरच राहू दिला. पेन्सिल खिशात घातली.

त्याच संध्याकाळी घरी मुलगा गॅलरीत फोनवर बोलत होता. मास्तर स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. "हो, बढतीचं झालं पक्कं," तो कुणाला तरी सांगत होता. "शनिवार-रविवारी सगळे वरचे साहेब आले होते ना, तेव्हाच मुलाखत झाली. मी नसतो तर दुसऱ्याला दिली असती ती जागा." मग त्याच्या लक्षात आलं की आतला नळ बंद झालाय. त्याने आवाज खाली घेतला. मास्तरांनी नळ पुन्हा सोडला. एक जागा! शनिवारी विमानात अकरा होत्या.

मुलाचं परतीचं विमान रविवारचं, बारा पन्नासला. शनिवारी संध्याकाळी त्याची बॅग दाराशी आली. टॅक्सी साडेआठला सांगितली होती. मास्तरांनी दुकानातून तिकीट कागदावर छापून आणलं होतं.

"कशाला बाबा, फोनमध्ये आहे की."

"असू दे."

ते टेबलाशी बसले, खिशातून लाल पेन्सिल काढली, आणि सावकाश, गिऱ्हाइकासाठी लिहीत तसं, ठळक अक्षरात लिहिलं. मग कागद फिरवून मुलासमोर धरला.

"म्हण."

मुलगा कसनुसं हसला. चाळिशीला आलेला माणूस. पण लहानपणापासून ऐकलेला तो शब्द होता, त्याने मुकाट वाचलं. "रविवारचं विमान म्हणजे शनिवारी रात्री घरातून निघायचं."

त्याखाली आणखी एक ओळ होती. छोटी, तितक्याच लाल अक्षरात. गुरुवार, दुपारी चार दहा.

मुलाचे डोळे त्या ओळीवर आले आणि तिथेच राहिले. खाली टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला, मग थोड्या वेळाने पुन्हा वाजवला.

"पुढचं वाच," मास्तर म्हणाले.